चाळीसच्या वर

आधी खारी स्वतःच चढायची.
किल्ली वाजली की शेपटीनं चपलांचा स्टँड झोडपत
माझ्याआधी गाडीपाशी.
मागच्या सीटवर तिची सतरंजी, काच चार बोटं खाली,
आणि गिरणाऱ्यापर्यंत नाक बाहेर.
तिथं टोमॅटोचे क्रेट उतरायचे
तर ही अशी बघायची, जणू भाव हिनंच पाडलाय.

दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं.
पपया नर्सरी ओलांडली की धाप.
जीभ बाहेर, सतरंजी लाळेनं ओली,
मग सीटखाली, जिथं मांजरही मावलं नसतं.

"तिला आता नको वाटतं," कुमुद म्हणाली.
नको वाटतं हे कारण नव्हे, मी म्हणालो.
एकतीस वर्षं सातपूरला प्रेस शॉपमध्ये काढलीत,
पार्ट रिजेक्ट झाला तर कार्डावर कारण लिहावं लागतं.
तसलं एक कोरं कार्ड ड्रॉवरमध्ये निघालं.

सोमवार. उपाशीपोटी नेली. तेच.
बुधवार. आरशाला टांगलेली मोगऱ्याची वासडबी काढली.
डबी कुमुदच्या भावानं दिलेली,
त्यामुळे बुधवारी घरातही धाप.
शनिवारी देवळालीकडं तोफांचा सराव नव्हता,
पेपरात बघून घेतलं होतं.
कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे कान तपासले,
हिरड्या दाबून बघितल्या,
म्हणाल्या, कुत्री ठणठणीत आहे, गाडी दाखवा.
थट्टा असावी. मी फी दिली.

शेवटी कार्डावर एकच ओळ टिकली:
द्वारकेच्या गर्दीत काही नाही,
काटा चाळीसच्या वर गेला की सुरू.
वेगाचं भय म्हणावं,
तर शेजारच्या पगारेंच्या रिक्षात ती पन्नासनं जाते,
कान उडवत.

मग गाडीच दाखवली.
वडाळा नाक्यावर रऊफ मिस्त्रीनं बॉनेट उघडलं,
रेस दिली, मान हलवली.
"लोणी आहे साहेब, लोणी."
टायरांच्या चळतीवर त्याची मुलगी अल्फिया
सतराचा पाढा लिहीत होती.
तिनं पेन्सिल टाकून कान झाकले.
"अब्बा, बंद करा ना. शिट्टी वाजतेय."

कुठली शिट्टी?
आम्ही दोघं वाकलो,
एक पन्नाशीचा, एक चौसष्टचा,
उघड्या इंजिनावर, विहिरीत डोकावावं तसे.
काही नाही.
रेस दिली की पोरीचं तोंड आंबट,
सोडली की सैल.
रऊफनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पुलीला टेकवलं,
मूठ कानाला.
मग माझ्या कानाला.
कानामागच्या हाडात काहीतरी थरथरलं.
आवाज म्हणाल, तर नाही.

बेअरिंग सहाशे चाळीस, मजुरी वेगळी.

कंपनी कानात घालायला बोळे द्यायची.
आम्ही ते खिशात ठेवायचो.
बोळे घातले तर पत्र्याचा ठोका चुकला कसा कळणार?
असं तेव्हा ऐटीत सांगायचो.

कुमुदच्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर येतो.
दोन वर्षं झाली,
तो मुका आहे असं मी धरून चाललो होतो.
त्या संध्याकाळी तिला विचारलं,
गातो का गं तो?
चहाचा कप तसाच धरून ती माझ्याकडं बघत राहिली.
"कानठळ्या बसवतो," म्हणाली.

कार्डावर कारण लिहिलं: पुलीचं बेअरिंग.
त्याखाली रकाना होता, दोष कधीपासून.
गाडीपुढं दिवाळी लिहिलं.
उरलेली जागा तशीच ठेवली.

खारी अजून पुरती चढत नाही.
पुढचे दोन पाय सीटवर, मागचे रस्त्यावर,
इंजिन चालू, आणि ती ऐकतेय.
मी तिच्या कानांकडं बघत थांबतो.
बऱ्याच वेळानं मागचे पाय येतात.

त्र्यंबक रोडला काटा अडतिसावर धरून ठेवतो.
मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलाय.
तो मात्र येतो ऐकू.