हाफ मार्जिन

चार गाड्या भाड्याच्या, पांढऱ्या, पिवळ्या पाटीच्या.
वर्षाचं अंतर वहीत : एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर.
मिरामारहून रायबंदरपर्यंत
दोन सिग्नल आणि एक ओळखीचा हात,
एवढं हे शहर.
बेरीज मी तीनदा केली.
विषुववृत्ताला साडेचार फेरे मारून
चारही गाड्या संध्याकाळी
बाजाराच्या मागे, जागच्या जागी.

उसगावकरांनी वह्या आणून दिल्या, सोबत चहा.
चहा मी घेतला नाही. आम्हाला तसं शिकवतात.
वह्यांना अजून दुकानाचा वास.
जून ते मार्च एकच पेन, एकच तिरका सात,
जुलैच्या पानांवरही ओलीचा डाग नाही.
कार्निव्हलच्या शनिवारी, रस्ते बंद असताना,
तीन नंबरची गाडी शहरातल्या शहरात
एकशे चाळीस किलोमीटर.
कारण : पाहणी.
एक नंबर सबंध ऑगस्ट गॅरेजात उघडी पडलेली,
गॅरेजचं बिलही फाइलीला आहे,
तरी रोज पाहणी.
कशाची, ते कोणी लिहीत नाही.

हाफ मार्जिन म्हणजे कागदाला मधोमध उभी घडी.
डावीकडे आमचा आक्षेप.
उजवीकडे कोरं, त्यांच्या उत्तरासाठी.
एकोणीस वर्षं मी डावीकडे राहते आहे.

पान एकाहत्तर.
चौदा-सात, रात्री अकरा चाळीस. दिवाडी.
डास-निर्मूलन पाहणी. अठ्ठेचाळीस किलोमीटर.
हात सवयीने लिहू लागला :
सदर बेट महापालिकेच्या हद्दीत येत नाही.
तिथे पूल नाही. गाडी फेरीबोटीतून

आणि थांबला.

त्या रात्री भाई खाटेवर बसून
श्वास शोधत होते.
अँब्युलन्स पलीकडच्या धक्क्यावर होती,
की निघालीच नव्हती, कोण जाणे.
कायतान आमच्याच वाड्यावरचा.
गाडी दाराशी लावून म्हणाला, "बाये, बस."
फेरीत त्याने इंजिन बंद केलं
आणि मागे वळून भाईंचे तळपाय चोळत राहिला.
बांबोळीपर्यंत एक शब्द नाही.
भाई त्यानंतर अकरा महिने जगले.

गाडी कोणाची, मी विचारलं नाही.
हेच विचारून पोट भरणारी मी.
पाटी पिवळी होती. दिसली होती.

खरं अंतर अडतीस.
पुढे आठवडाभर तो रस्ता मी स्कूटरने केला,
डबा घेऊन.
म्हणजे भाईंच्या श्वासावरही कोणीतरी
दहा किलोमीटर चढवले.
दर सोळा. रुपये एकशे साठ.
सात तिरका आहे. कायतानचा नाही.
तो सही करताना जीभ बाहेर काढतो
आणि त्याची अक्षरं ओळ सोडून
खाली उतरतात.

घडी पुन्हा दाबून घेतली.
डावीकडे : पान ७१. फेरी खाजगी. वसुलीयोग्य.
उजवीकडे, जिथे माझं अक्षर कधी गेलं नव्हतं :
गाडीत मी होते.
रुपये सहाशे आठ सोबत जोडले आहेत.
उरलेल्या एकशे साठचं उत्तर
माझ्याकडे नाही.

कायतानचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं
ते राहिलं आहे.
चहावर साय धरली.
पावणेसहाची फेरी गाठायची तर निघायला हवं.
धक्क्यावर तो असतो कधीकधी.