भांगाचे दिवस

बडोद्याला समुद्र नाही.
विश्वामित्री आहे, मगरींची.
ती ढाढरला मिळते, ढाढर खंभातच्या आखाताला,
म्हणजे आहेच समुद्र, बाबा म्हणायचे,
फक्त वळणं फार.

दांडिया बाजारात आम्हा कायस्थांकडे
मासळी यायची बर्फातून, वेरावळची,
डोळे पांढरे करून.
बाबा तिला मासळी म्हणत नसत.
शनिवारी प्रतापनगरच्या यार्डातून सुटले की
गळ, शेंगदाण्याची पुडी, शेवटची एस.टी.,
आणि रात्रभर छनाभाई माछीची होडी.
मासा एकच. जिताडा.

तो हिंडत नाही गं, सांगायचे,
बुडालेल्या खुंटाच्या आडोशाला
वाहत्या पाण्याकडे तोंड करून थांबतो.
पाणीच त्याचं ताट वाढून आणतं.
तोंड उघडलं की आवाज होतो,
रिकाम्या घागरीवर पंजा मारावा तसा,
आणि कोळंबी असते तिथे नसते.
बॅटरी टाकली तर डोळे लाल,
राखेखालच्या निखाऱ्यासारखे.
लागला की उडतो, डोकं झटकतो,
दोर जरा सैल पडला की गळ थुंकून मोकळा.
आणि कल्ल्याची कड, ही बघ,
म्हणून अंगठ्यावरची पांढरी रेघ दाखवायचे.

आई गेली तेव्हा मी दुसरीत.
बाबांना गाठी येत होत्या त्या गळाच्या.
माझ्या वेणीला त्यांनी तीच मारली, थुंकी लावून, ओढून.
संध्याकाळी सुटेना.
शेजारच्या टिपणीसकाकूंनी शेवटी कात्री घेतली
आणि बाबा दारात उभे,
पाणी गढूळ झाल्यावर उभे राहत असतील तसे.

अष्टमी-नवमीला भरतीत जोर नसतो.
त्या मंद पाण्याला म्हणतात भांग.
जिताडा तेव्हा तोंड लावत नाही.
ते शनिवार माझे.
आज भांग आहे, बस इथं, म्हणायचे,
आणि फणीच्या टोकाने कपाळापासून रेघ ओढायचे,
पुसायचे, पुन्हा ओढायचे.
बोटांना खोबरेल,
खोबरेलाखाली खाडी.

मग एका अमावस्येला छनाभाई दारात.
साहेब, पाणी तो बहु जोरमां छे, आवता नथी?
बाबांच्या दातांत माझी रिबीन होती.
ती न काढताच म्हणाले,
आज आमच्याकडे भांग आहे.

छनाभाईला काय कळलं कोण जाणे.
आषाढ सरता सरता
पोत्यात गुंडाळून एक धूड घेऊन आला.
ओट्यावर मावेना. शेपूट नळाखाली.
पोट चिरलं तर गाभोळी,
दोन्ही हातांनी उचलावी एवढी.

मी विचारलं, हिला नवरा असेल?
छनाभाई हसला.
बेटा, आ पोतेच नर हतो.
लहानपणी सगळे नरच असतात हे.
चार-पाच पावसाळे खाऱ्यात-गोड्यात काढतात,
मग एखाद्या वर्षी मादी होतात.
कुठल्या दिवशी, ते कुणी बघितलं नाही.

बाबा काही बोलले नाहीत.
हळद लावत राहिले,
फार वेळ, लागते त्याहून जास्त.

रात्री मोठी फोड माझ्या ताटात सरकवली.
मी बोटांनी चाचपायला लागले, सवयीने.
खा, म्हणाले,
यात काटा नसतो.