सतरा नंबरची खुंटी

बोरिवलीच्या मागे, बसचा शेवटचा थांबा
जिथे डोंगराला टेकतो,
तिथली ही जंगल खात्याची जुनी कचेरी.
काळा दगड, सागाच्या तुळया,
कौलांवर माकडांच्या कितीतरी पिढ्यांचे ओरखडे.
साग इथलाच.
तोडला आमच्याच माणसांनी.
मजुरी मिळाली का, ते कागदात नाही.

आता इथे आमचं कलाघर होणार.
मी मोजमापं घेते. टेप, वही, कानामागे पेन्सिल.
पाड्यातलं पहिलंच माणूस मी,
जे या दारातून आत गेलं
चपला न काढता.

भिंतीचा सरकारी पिवळा रंग खरवडला.
खाली हिरवा निघाला, हिरव्याखाली चुना,
चुन्यावर डांबराने घातलेले आकडे,
एक ते बेचाळीस,
आणि प्रत्येक आकड्यावर लोखंडी खुंटी.

नौशीनबाई दुबाश, आमच्या आर्किटेक्ट, हरखल्या.
"किती छान! साहेबांचे कोट टांगायला असणार."
काकड्यादादा भिंतीला पाणी मारत होता.
"कोयते," म्हणाला,
आणि परत पाणी मारू लागला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
कुणी फारसं बोललं नाही.

समितीला दर्शनी भिंतीवर लग्नाचा चौक हवा होता,
उद्घाटनाच्या आधी, आठ बाय आठ फूट.
आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात.
लिहिणारी आता एकच उरली आहे, बुधीआत्या.
ती आली, भिंतीवर तळवा फिरवला,
गालफडातली मिसरी एका बाजूला सारली.
"लग्न कुणाचं?"
"लग्न नाही आत्या. असंच. पाहुणे येणार आहेत."
"मग देवी कुणासाठी येल?
पाव्हण्यांसाठी?"

कुणालाच उत्तर सुचेना म्हणून
मी पत्र्याच्या पेटीतली नोंदवही वाचायला घेतली.
वाळवीने समासच खाल्ले होते, नावं शाबूत.
खुंटी सतरा. इसम जान्या हाडळ.
सरपण, भारा एक. कोयता जप्त.
दंड सव्वा रुपया. भरणा नाही.

जान्या तिचा बाप.
लुगड्याच्या शेवाची गाठ तिने दातांनी सोडली,
आतून एक रुपया निघाला, आणि एक पावली,
घासून घासून गुळगुळीत झालेली,
कधीपासून जपलेली, देव जाणे.
"घे. कोयता सोडव."

"आत्या, पावली बंद झाली. चालत नाही."
"मंग दंडबी बंद झाला का?"

नौशीनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा काढला.
मी मोजमापाच्या वहीचं पान फाडलं,
वर तारीख घातली, लिहिलं,
सव्वा रुपया मिळाला.
खाली सही केली.
कुणाच्या वतीने, ते लिहिलं नाही.
कोयता कुठे होता द्यायला?

मग सतराच्या खाली, हातभर जागेत,
आत्याने शेणाचा हात फिरवला, वर गेरू.
वास्तू वारशाची, दुसऱ्या श्रेणीची,
चुन्यावर शेण चालत नाही,
त्याचं पत्र पुढे आलंच. फाइलीत आहे.
बांबूची काडी चावून तिने टोक मऊ केलं,
तांदळाच्या पिठात बुडवलं
आणि काहीतरी लिहिलं.
ओलं पीठ गेरूवर दिसत नाही.
मी डोळे बारीक करून पाहिलं.
"उद्या बघ," म्हणाली,
आणि बस पकडायला निघून गेली.

सकाळी कुलूप मीच उघडलं.
वाळून पांढरं झालं होतं.
दोन त्रिकोणांचा माणूस, टोकाला टोक,
डोक्यावर भारा,
आणि कमरेला, आकडीत,
कोयता.

उद्घाटन झालं. भाषणं झाली. तारपा वाजला,
माइकवाल्याला त्याचा आवाज धरता आला नाही.
पोरांनी मागच्या भिंती भरून टाकल्या,
झाडं, मुंग्या, मेट्रो, बिबट्या,
एक क्रेन, तिच्या टोकाला बसलेला बगळा.

दर्शनी भिंत कोरीच आहे.
येणारे विचारतात, काम अर्धवट राहिलं का?

नौशीनबाई मात्र दर सोमवारी येतात,
पायरीवर बसून डब्यातली अकुरी खातात
आणि काकड्यादादाला हळूच विचारतात,
पाड्यात कुणाचं जमतंय का.