वळसा

तळेगावच्या फ्लॅटची किल्ली
अजून बॉयलरशेजारच्या खिळ्यावर आहे.
तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी.
कालिंदीने पडदेसुद्धा शिवून ठेवले होते,
मोरपंखी, खाली दुमड जास्त सोडून,
धुतल्यावर कापड आटतं म्हणाली.

मार्चमध्ये निघायचं होतं.
फेब्रुवारीच्या अकरा तारखेला
ती सिंकपाशी उभी, हातात वाटी,
आणि वाटी खाली पडली.
एवढंच झालं, देवा.
वाटी फुटलीदेखील नाही, स्टीलची होती.

त्या रात्री हॅलिफॅक्सच्या इस्पितळात
मी तुला जे बोललो
ते ऐकलं असशील तर विसर.
ऐकलं नसशील
तर माझं भांडण त्याबद्दलच आहे.

बत्तीस वर्षं बस चालवली मी हडर्सफील्डात.
डिसेंबरात स्केपगोट हिलचा रस्ता गोठला
की डेपोतून रेडिओवर निरोप यायचा,
वरून जाऊ नको, खालून गिरणीमागून काढ.
मी चाक वळवायचो. मागे कुजबुज सुरू.
होल्रॉयडबाई, दर गुरुवारी पुढच्या सीटवर,
मांडीवर केकचा डबा,
म्हणायची, हा आपला रस्ता नव्हे, वामन.
मी म्हणायचो, बसून राहा, बाई.
काचेवर बर्फ, चाकाखाली घसरण,
कारणं सांगत बसायला वेळ कुठला?
बसून राहायची ती.
उतरून तरी कुठे जाणार होती म्हणा.

हे आठवून मला बरं वाटावं
असा तुझा बेत असेल, तर थांब जरा.
माझ्यापाशी रेडिओ होता.
बाईला निदान टोपीखालची माझी मान दिसत होती.
मला काय दिसतं?
तांदळाच्या डब्याशेजारी चांदीचा टाक,
इतका झिजलेला
की घोडा कुठे संपतो आणि तू कुठे सुरू होतोस
हे माझ्या वडिलांनाही सांगता आलं नव्हतं.

तरी रविवारी भंडारा लावतो.
सोमवारी फिजिओथेरपीवाली ॲलिसन विचारते,
बोटाला पिवळं काय ते?
भाजीची हळद, म्हणतो.
लाज वाटते म्हणून नाही.
सांगायचं तर सुरुवात कुठून करू?

कालिंदी आता खुर्चीपासून दारापर्यंत येते,
चार पायांची काठी टेकत.
अकरा पावलं.
मी मोजलेलं तिला आवडत नाही.
शब्द अजून हरवतात तिचे,
एकाच्या जागी दुसरा येऊन बसतो.
परवा खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली,
तो चमचा विकून टाक.
मी हसलो. तीही हसली, अर्ध्या तोंडाने.
मग मी मागच्या अंगणात जाऊन
कचऱ्याचे डबे उगाच इकडून तिकडे केले.

विश्वास म्हणतात तो हाच का,
मला माहीत नाही.
देवळात बोलतात तसलं काही
माझ्या आत वाजत नाही.
मी अजून बसमध्ये आहे, इतकं खरं.
उतरायची बेल दाबलेली नाही.
कुरकुर करतो, ती तू ऐकतोयस असं धरून करतो.
रिकाम्या केबिनकडे बघून
कोण कुरकुर करेल?

पडदे इथेच लावले, पुढच्या खोलीत,
तिचा पलंग खाली आणला तेव्हा.
इथली खिडकी लांब. दुमड सगळी उसवली,
तरी चार बोटं कमी पडले.
कालिंदी म्हणाली, असू दे.
हा शब्द मात्र बरोबर आला तिला.

आमचं घर रस्त्याहून चार पायऱ्या खाली.
पहाटे तिच्या पलंगाशेजारी गादीवर पडल्यापडल्या
त्या चार बोटांच्या फटीतून
सहा बाराची बस जाताना दिसते.
नुसती चाकं.
चालवणारा कोण, कळत नाही.
जुनी खोड, घड्याळ बघतो.
आज सात मिनिटं उशीर.
आली मात्र.