चिमणी कुठे गेली?

बुटांच्या खोक्यात तीनशे बारा कार्डं,
सगळी माझ्याच हातची,
टपाल कचेरीच्या निळ्या शाईत.
दर डिसेंबरात वाचनालयाच्या माळ्यावरून खोकं उतरवतो,
झुरळांची अंडी झटकतो
आणि उत्तरं तपासायला बसतो.
प्रश्न टिकतात. नासतात ती उत्तरं.

भारतात राज्ये किती?
बावीस खोडून पंचवीस, पंचवीस खोडून अठ्ठावीस,
मग एकोणतीस, मग परत अठ्ठावीस.
तिथं कागद इतका झिजलाय
की उजेडाकडं धरला तर पलीकडचा पंखा दिसतो.
ग्रहांचं सोपं गेलं, नऊवर एक रेघ.
आपल्या जिल्ह्याचं नाव काय, या कार्डाला मात्र
मी हात लावत नाही.
खोक्याच्या तळाशी ठेवतो, पालथं.

यंदा खानापुरात संघ चार.
मराठी शाळा, कन्नड शाळा, कॉन्व्हेंट,
आणि चौथी शाळा पटाअभावी बंद पडली म्हणून
तिच्या बाकावर हौशी मंडळी.
बझर नाही, सायकलच्या घंट्या.
बक्षीस अर्धा किलो कुंदा, शिवाय ढाल,
जी फोटो काढून झाला की परत द्यायची.
गुण लिहायला ऐश्वर्या घाडी, इयत्ता नववी,
कुणाच्या बापाला न ऐकणारी.

सर्वांत खोल सरोवर? बैकल.
मधमाशीला डोळे किती? पाच.
मलप्रभा उगम पावते कुठं?
चारही घंट्या एकदम. कणकुंबी, कणकुंबी, कणकुंबी,
आणि हौशी बाकावरून, “आमच्या मामाच्या गावाजवळ.”

शेवटचा प्रश्न कार्डावर नव्हता.
रात्री अंथरुणात सुचलेला.
“खानापुरातली चिमणी कुठे गेली?”

मला म्हणायची होती कौलाच्या कारखान्याची.
तिचा धूर बघून बायका वाळवण आत घ्यायच्या,
आणि आम्ही टपालाच्या थैल्या शिवताना
भोंग्याआधी सावलीवरून वेळ सांगायचो.

कॉन्व्हेंटचा मुलगा उभा राहिला, शर्ट नीट केला.
“मोबाईल टॉवर, सर. शिवाय सिमेंटची घरं,
घरट्याला वळचण नाही.”
टाळ्या.
कन्नड शाळेत कुजबुज, “गुब्बच्ची? गुब्बच्ची,”
आणि मान डोलवून तेच उत्तर.
मराठी शाळेनं पास म्हटलं.
हौशी बाकावर फिलूबाई सोज उठल्या,
“मोडीत दिली हो. पितळेची होती, पण काच फुटलेली.
वीज आली त्याच वर्षी. बारा रुपये आले.”

मी तोंड उघडलं, मिटलं.
तेवढ्यात मागून, पंख्याच्या बटणाजवळून,
बसलिंग, जो चहाचे कप न्यायला आला होता:
“ती मी पाडलो की, सर.
सोळा दिवस लागलं. वरनं एकेक वीट.
खाली टाकायची नाही, ठेकेदार मोजून घेत होता.”

कुणीतरी विचारलं, “वर घरटं होतं का रे?”
“काजळी होती.”
“मग विटा?”
“ह्या वाचनालयाच्या संडासाला लागल्या बघा.
राहिलेल्या कुठं, गोत्तिल्ल.”

सभागृह हसलं. मीही.
म्हटलं, तिघांनाही दहा-दहा गुण.
बसलिंगला कुठल्या संघात धरायचं?
ऐश्वर्यानं खडू खाली ठेवला.
“सर, एका प्रश्नाला तीन उत्तरं बरोबर असतील
तर प्रश्न चूक आहे. रद्द करा.”

रद्द केला.
कॉन्व्हेंट दोन गुणांनी जिंकलं.
कप गोळा करताना बसलिंगला कुंद्याचा चमचा मिळाला.

सगळे गेल्यावर मी मागे जाऊन आलो.
भिंतीला चुना, त्यावर परत चुना.
नखानं थोडा खरवडला.
लाल लागलं बोटाला.
ती वीट तिचीच कशावरून,
कोऱ्या कार्डावर एवढंच लिहिलं
आणि मागची बाजू तशीच ठेवली.