इजेचे ठिकाण

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माजी सैनिकांच्या दवाखान्याची मागची खोली.
तिथे मी, एक स्कॅनर आणि एकशे बारा गठ्ठे.
निविदा दिल्लीत निघाली,
पुण्याच्या कंपनीने भरली,
कोल्हापूरच्या कंपनीला पोटकंत्राट मिळालं,
आणि त्या पोटाच्याही पोटात मी.
पानामागे पंच्याऐंशी पैसे.
फाटक्या पानाला वेगळा दर नाही.

खाऱ्या हवेने स्कॅनरच्या बिजागऱ्या खाल्ल्या.
कागदांनी एकमेकांना सोडायचं नाही असंच ठरवलेलं.
नाईक तिरोडकरांचा मलेरिया
सुभेदार आजगावकरांच्या मोतीबिंदूला चिकटलेला.
ओढावं, तर याची अक्षरं त्याच्याकडे जातात.
म्हणून दुपारी गच्चीवर वाळत घातले,
शेजारच्या मालूताईंच्या सोलांच्या बाजूला,
पानापानावर जांभ्याचा एकेक खडा ठेवून.
वारा फिरला. दोनचार पानांवर आगळ उडालं.
संध्याकाळी सॉफ्टवेअरने तांबडी खूण केली:
डाग आढळला. स्वरूप निवडा.
रक्त. शाई. इतर.
मी इतर निवडलं.

गुरुवारी म्हाडगुत आले. हवालदार आत्माराम म्हाडगुत.
नवं कार्ड हवं तर जुनी नोंद जुळायला हवी,
आणि त्यांच्या फाईलमधलं नेमकं तेच पान
कसरीने जाळी करून ठेवलेलं.
पडदा विचारत होता, शेजारी तांबडा तारा, म्हणजे सुटका नाही:
इजेचे ठिकाण.
मी मोठ्याने वाचलं.
टोपी काढून ते खुर्चीत सरळ झाले.
"जाग्याक नाव नाय होता, बाय. नंबर होतो."
मग नंबर सांगितला. एकेक आकडा सुटा,
वायरलेसवर सांगतात तसा,
दोनदा.
"थंय झाड नाय, पाखरू नाय.
एक दगड, आणि दगडामागे बाबुराव कांबळी."

आजोबा, म्हटलं, शरीरावर कुठे, असं विचारतायत.
"मांडयेत," आवाज एकदम खाली आणून,
जणू फारच किरकोळ बाब.
"अजून हंयच आसा. थंडीत बोलता."

यादी उघडली. मांडी, डावी.
पुढची चौकट: बाह्य वस्तू काढली? होय. नाही.
'बोलते' याला चौकट नाही.

शेवटी शेरा नावाचा एक रकाना असतो,
साठ अक्षरांचा, कुणी भरत नाही.
त्यात मी तो नंबर घातला, दगड घातला, बाबुराव कांबळी घातले.
'ळी' बाहेर राहिली.
दगड काढला.
कांबळी पूर्ण बसले.

कोल्हापूरहून साळोखेसाहेबांचा फोन. माणूस वाईट नाही.
म्हणाले, नव्या यंत्रणेत शेरा जात नाही,
स्थलांतरात तो रकाना गळतो,
तुम्ही पानं मोजा.
गळतो म्हणजे पडतो कुठे? मी विचारलं.
ते हसले.
मी हसले नाही, पण हो म्हटलं.
एकतीस मेला माझं लॉगिन बंद होणार,
पुढची निविदा कुणाची, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मूळ कागद लगद्याला जायचे आहेत.
जाळीचं ते पान उजेडात धरलं तर
त्यातून समोरचं दीपगृह दिसतं, तुकड्यातुकड्याने.
घरी न्यायची परवानगी नाही. नेलं नाही.
रोजच्या पानांचा हिशेब मी एका वहीत ठेवते,
मंगळवार तीनशे चाळीस, बुधवार दोनशे नव्वद,
दिवे गेले तेव्हा पंचावन्न.
त्याच ओळीत, गुरुवारखाली,
पेन्सिलीने तो नंबर.
महिनाअखेरी चुकून बेरजेत धरला गेला
तर साळोखेसाहेब फोन करतील,
इतकी पानं कुठून आली म्हणून.