कंट्रोल गटातली तिसरी

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना
तो त्रिकोण मी पुरता तुटू देत नाही,
लोंबता ठेवते.
सासूबाईंना वाटतं, ही कात्रीची आळशी.

प्राणिघराला आमच्या खिडकी नाही.
काचेच्या पेटीत दिवसाचे चार तास
हवेत भुकटी सोडायची,
इतकी बारीक की उन्हाची तिरीप असती
तरी दिसली नसती.
पढियारकाका पंखा लावायचे, घड्याळाकडे बघायचे,
म्हणायचे, "बेन, बिचारी श्वास तो लेशे ने."
आम्ही तो वहीत लिहायचो.
मिनिटाला किती, आठवड्याला किती.

माझं काम नंतरचं.
मेणात बसवणं, काप काढणं, रंगात बुडवणं.
उंदरीणीला स्तनांच्या सहा जोड्या असतात
हे मी एकदा घरी सांगितलं,
तर जेवताना नको म्हणाले सगळे.

रात्रभर कार्मिनमध्ये ठेवलं
आणि सकाळी जादा रंग धुतला
की काचेवर एक लाल झाड उभं राहतं.
खोड, फांद्या, फांदीच्या टोकाला फुगलेले कोंब,
आणि सगळं दुधाच्या वाटेवरचं.
वटोदर म्हणत म्हणे आपल्या गावाला,
वडाचं पोट.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
मी भिंगावरून डोळा काढून जरा वेळ नुसतीच बसले.

भुकटीच्या गटात झाड विरळ होतं.
टोकं बोथट, मधेच एखादी फांदी जाड,
कुणी आतून गाठ मारल्यासारखी.
मी वहीत लिहिलं, "ओकंबोकं."
झरणा मॅडमनी ते खोडून "घनता" केलं
आणि पुढे आकडा मागितला.
मोजून दिला. दोनदा मोजला.
सोळा माद्यांवरून काही सिद्ध होत नाही,
हे त्या म्हणाल्या, आणि खरंच म्हणाल्या.

मग कंट्रोल गटातली तिसरी.
हिला आम्ही गाळलेली हवा दिली होती.
तीन महिने, चार तास, तसाच पंखा, रिकामी पेटी.
हिच्या झाडाशेजारी, चरबीच्या पांढऱ्या शेतात
एक निळा तंतू.
माझा दुपट्टा निळा होता त्या दिवशी?
की पडद्याचा? की तिनेच कधीतरी ओढून घेतलेला आत?
पिंजरा प्लास्टिकचा, पाण्याची बाटली प्लास्टिकची,
बसायचा भुसा येतो तो विणलेल्या गोणीतून,
आणि गोणी येते सावलीच्या कारखान्यातून,
जिथे वैजू, माझी मामेबहीण,
चौदा वर्षं मागावर होती.
संध्याकाळी केस विंचरले की फणीत पांढरं पीठ.

वैजूची डावी बाजू गेल्या दिवाळीआधी काढली.
ती विचारते, "तुझ्या उंदरांचं काय झालं गं?"
मी म्हणते, उंदीर म्हणजे माणूस नव्हे,
चौदा वर्षांत माणसाला शंभर गोष्टी होतात.
"हो ना," म्हणते. चहा ओतते.
"आमची पेटी मात्र आठ तासांची होती.
ओव्हरटाइम वेगळा."
आणि हसते, एका हाताने पदर सारखा करत.
मला तिच्याकडे पाहताना
कुठे पाहू नये ते समजत नाही.

"हा नमुना वगळू," मॅडम म्हणाल्या.
"दूषित."
नियमाप्रमाणे ते बरोबरच.
तक्त्यात तिच्यापुढे एक आडवी रेघ आली.
आडवी रेघ झालेल्या त्या मादीने
नऊ पिल्लं पाजली होती. नऊही जगली,
असं काकांच्या वहीत आहे, गुजरातीत, पेन्सिलीने.

ती काच मी फेकली नाही.
माझ्या खणात आहे, कापसावर.
काल पाच वाजता काढली,
कोयलीकडून रोजचा तो वास यायला लागला होता.
लेबलवर माझंच अक्षर:
क-३. स्वच्छ हवा.
शिसपेन्सिल, सहज पुसली जाते.
पांढरा रबर घेतला,
"स्वच्छ" तेवढं घासून काढलं,
आणि चुरा उरला काचेवर, बारीक,
त्यावर, सवयीने, फुंकर मारली.